गाडीवरचे ओरखडे : काढायचे किती, ठेवायचे किती

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. प्रत्येकानं वीस मिनिटं बोलायचं, पण आपल्या नोकरीधंद्यावर बोलायचं नाही. डॉक्टरांनी बीपीवर नाही, वकिलांनी सातबाऱ्यावर नाही आणि मी कॉम्प्युटरवर नाही. मला अट आवडली. पोराला कुठल्या ब्रँचला घालू, हा प्रश्न जेवताना विचारा. आत्ता मी गाडीवरच्या ओरखड्यांवर बोलणार आहे. मशीननं, कंपाऊंड लावून ते कसे काढतात आणि कधी काढू नयेत, यावर.

हसा, हसून घ्या. पण येताना मी मैदानातल्या गाड्या मोजल्या. सव्वीस आहेत. बहुतेक एमएच २६, थोड्या पुण्याच्या, दोन लातूरच्या. सव्वीसातली एकही बिनओरखड्याची नाही. म्हणजे विषय सगळ्यांचा आहे.

मला हा नाद लागला सहा वर्षांपूर्वी. पुण्यात आम्ही एक जुनी, गडद निळी गाडी घेतली. सावलीत झकास दिसायची आणि उन्हात आणली की कोळ्यानं जाळं विणल्यासारखी. दोन ठिकाणी विचारलं. एकानं सांगितलं, तासाभरात नवी करून देतो. दुसरा म्हणाला, दोन दिवस ठेवा. पैशांत पाचपट फरक. एकाच कामाला एक तास आणि दोन दिवस का लागावेत, हे मला कळेना, आणि जे कळत नाही ते उघडून बघायची खोड मला याच शाळेत लागलेली आहे. भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं एक जुनं बॉनेट आणलं, एक साधं मशीन घेतलं आणि पार्किंगमध्ये सुरू झाले. वॉचमन काका दोन रविवार बघत होते. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "मॅडम, साहेबांना सांगा की, ते करतील." साहेब वर डोसे करत होते. ते डोसेच चांगले करतात.

तर मूळ मुद्दा. ओरखडा 'भरून काढतात' असं आपण म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. आपल्या डोक्यात सारवण असतं. भिंतीला भेग पडली, शेणमाती लावली, भेग बुजली. कंपाऊंड तसं काम करत नाही. कंपाऊंड म्हणजे रंधा. सुताराकडं फळीवर खाच असेल तर तो खाच भरत नाही, आजूबाजूची सगळी फळी खाचेच्या तळापर्यंत उतरवतो. फळी सपाट होते, खाच दिसत नाही. फळी मात्र तेवढी पातळ झालेली असते.

आता आपल्या गाडीची फळी किती जाड आहे ते बघा. पत्र्यावर सगळ्यात आधी गंज रोखणारा थर असतो. तो गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर, क्लिअर कोट. चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, काही गाड्यांना त्याहून कमीच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या रंगासाठी आपण शोरूममध्ये तासभर भांडतो, तो सगळा मिळून वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढा. आणि जो थर आपण घासतो, तो वरचा क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. एका पानाहूनही पातळ.

त्या पानातून कडक कंपाऊंडची एक फेरी २ ते ५ मायक्रॉन घेऊन जाते. आणि सगळं पान वापरायची मुभा नसते. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारं द्रव्य याच थरात असतं. या कामातल्या लोकांचा ढोबळ हिशेब असा, की कारखान्यातून आलेल्या थरातून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनच्या वर काढू नये. करा भागाकार. कडक रबिंग दोनदा, फार तर तीनदा. आपल्याकडं काहीजण दर दसऱ्याला करून घेतात.

याचं पुढं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. आठ-दहा वर्षांची गाडी, छपरावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे, कडेनं पापुद्रे सुटलेले. लोक म्हणतात, कंपनीचा रंगच खराब. कधी कधी असेलही. पण आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन आणि वरून पातळ केलेला थर, हे दोन एकत्र आले की रंग टिकत नाही. आणि एकदा ते चट्टे आले की कुठल्याही कंपाऊंडनं जात नाहीत. पुन्हा रंगच मारावा लागतो.

मग हे आपल्या वडीलधाऱ्यांना का कळलं नाही? त्यांना कळत होतं, त्यांची गाडीच वेगळी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट निघत होती, तीच पुढं पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून आपण तिला ओळखतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या पिढीतल्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे. रंग हाच वरचा थर. वर्ष-दोन वर्षांत तो उन्हानं भुरका पडायचा, मग ड्रायव्हर कंपाऊंडचा डबा आणि जुनं धोतर घेऊन बसायचा. भुरका थर निघाला की खालून ताजा रंग. धोतराला काळं लागलं, पिवळं लागलं की त्याला कळायचं, किती निघालं. हात आपोआप थांबायचा.

आजच्या गाडीवर तसं होत नाही. क्लिअर कोट निघतो तेव्हा फडक्याला काहीच रंग लागत नाही, नुसती कंपाऊंडची पांढरी साय. काही गेलं नाही असं वाटतं, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं तेच जात असतं. मला विचाराल तर रबिंगच्या सगळ्या नुकसानीचं मूळ एवढंच आहे. सवय पद्मिनीची आणि गाडी आजची. (क्लिअर कोटवाल्या गाडीच्या पॅडला रंग लागायला लागला, तर मशीन बंद करा. थर संपला.)

आता ओरखडा दिसतो कसा, ते. सर इथं बसलेत म्हणून जरा भीत भीत सांगते. नियमित परावर्तन आणि अनियमित परावर्तन, सरांनी आरसा आणि खडबडीत कागद घेऊन शिकवलं होतं. गुळगुळीत पृष्ठभागावरून किरण शिस्तीत एका दिशेनं जातात, ओरखड्याच्या काठांवरून वाटेल तिकडं फुटतात. म्हणून पारदर्शक थरातला ओरखडा पांढरा दिसतो, जरी त्यात पांढरं काहीच नसलं तरी. ओला केला की गायब होतो, वाळला की परत येतो, हे त्यामुळंच. पाणी फटीत बसतं आणि किरणांना फुटू देत नाही.

घरी गेल्यावर एक करा. रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट घ्या आणि बल्बखाली तिरकं धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेषा दिसतील. ताट हलवा, गोल पण हलतील. ताटावर गोल ओरखडे नसतातच. घासणीनं पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना असतात, त्यातले जे दिव्याभोवती आडवे बसतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडं फेकतात. गाडीवर उन्हात दिसणारं कोळ्याचं जाळं नेमकं हेच. लोक म्हणतात, पोरानं गोल गोल पुसलं म्हणून गोल ओरखडे पडले. पोरानं सरळ पुसलं असतं तरी ओरखडे पडलेच असते. त्याच्या हातात कोरडं फडकं होतं, ही खरी गोष्ट.

कोरडं फडकं. सकाळी उठून गाडीवरची धूळ झटकायची ही आपली सगळ्यांची सवय आहे. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत खडी-वाळूची बारीक कच असते, आणि ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. नांदेड-लातूर रस्त्याचं काम चाललं होतं त्या वर्षांत तर घरात पिठासारखी धूळ बसायची. त्या धुळीवरून फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. त्यातून लहान लेकरं धुळीवर बोटानं नावं लिहितात. माझ्या काळ्या गाडीवर भाच्यानं लिहिलेलं 'बबलू' अजून तिरक्या उन्हात वाचता येतं.

बोअरचं पाणी हा दुसरा शत्रू. उन्हात धुऊन तसंच वाळू दिलं की क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, आणि चांगले मुरले की रंगात खड्डा करतात. दसऱ्याला झेंडूची माळ तारेनं बांधतो, गाडी पळते आणि तार बॉनेटवर घासत राहते. माळ दोऱ्यात ओवा. बॉनेटवर काढलेलं स्वस्तिक वाळल्यावर खरडू नका, आधी भिजू द्या. आणि माळेगावच्या जत्रेतून भंडाऱ्यानं पिवळी होऊन आलेली गाडी कुणी घासायला घेतली तर त्याला थांबवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. साडीवरचा हळदीचा डाग आपली आई उन्हात टाकायची, तेच इथं. पाण्यानं धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात उभी करा. खंडोबाचा भंडारा काढायला मशीन लागत नाही.

बाभळीबद्दल बोलायचं राहिलं. शेतात जायच्या रस्त्याला दोन्हीकडून बाभळी झुकलेल्या, समोरून उसाची ट्रॉली आली की आपण गाडी कडेला दाबतो आणि कर्र्कन आवाज येतो. हे ओरखडे लांबलचक, दारांवरून समांतर जातात. त्यातले बरेच क्लिअर कोटमध्येच राहतात, पण एखादा काटा खोल जातो.

खोल की उथळ, हे बघायला नख पुरेसं आहे. ओरखड्यावर आडवं नख हळू फिरवा. घसरून गेलं तर मशीनच्या आटोक्यातला. अडकलं तर साधारणपणे त्याचा नाद सोडा, काठ थोडे बोथट करून तो कमी दिसेल एवढंच करता येतं. आत करडं प्रायमर किंवा पत्रा दिसला तर विषय कंपाऊंडचा राहिलाच नाही. तिथं रंगाचा बारीक ठिपका भरून पाणी आत जाणं थांबवा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल.

आता मशीन. दोन जातीची असतात. एक नुसतं आसाभोवती फिरतं, त्याला रोटरी म्हणतात. अँगल ग्राइंडरचा मोठा भाऊ. काम भराभर करतं आणि तापवतंही भराभर. दुसरं स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळातही फिरतं. भूगोलात बाईंनी शिकवलेलं परिवलन आणि परिभ्रमण, दोन्ही एकदम. याला ड्युअल अॅक्शन म्हणतात. हे एकाच जागी घासत राहत नाही, म्हणून कमी तापतं. जास्त दाबलं तर त्याचं परिवलन थांबतं, नुसतं थरथरतं. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, रेघ जागेवर थरथरली तर तुम्ही नुसती वीज जाळताय.

रोटरी वाईट नाही. शिकलेल्या हातात ते उत्तम काम करतं. पण त्या भंगारातल्या बॉनेटच्या कडेवर मी मुद्दाम रोटरी एका जागी धरून पाहिलं, लोकरीचं पॅड लावून, घड्याळ बघत. दहा सेकंदांच्या आत खालचं प्रायमर वर आलं. कडेवर आणि दाराच्या उभ्या घडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथं एका रेघेवर येतो. म्हणून कडा, घड्या आणि रबरी पट्ट्या टेप लावून झाकायच्या. टेपला हयगय करणारा कारागीर मला दिसला की मी गाडी परत फिरवते.

कृती सांगते, पण घाई करू नका, ही स्वयंपाकासारखी गोष्ट आहे. गाडी आधी पाण्याच्या धारेनं, मग शॅम्पूनं धुवायची. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग हात फिरवून बघायचा. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत लागला तर क्ले, म्हणजे गाडीसाठी मिळणारी चिकणमातीसारखी वडी, ओल्या पृष्ठभागावर हलक्या हातानं फिरवायची. रुतलेली कच ती उचलते. ही पायरी गाळली तर मशीन तीच कच घेऊन अख्ख्या दारावर फिरतं.

नंतर सावलीत आणायची. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. त्यावर कंपाऊंड टाकलं तर ते जागेवर सुकतं. मी लोह्यात हे काम करते तेव्हा पहाटे पाचला उठते. लाइटही तेव्हा बहुधा असते.

पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार-पाच ठिपके, बस. आपल्याकडं ताटलीभर ओततात. दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा धरायचा. मशीन बंद असताना ठिपके टेकवून पसरायचे, मग हळू वेगावर एक हात, मग मधल्या वेगावर काम. आणि इथं शेतकऱ्याच्या लेकरांना शिकवावं लागत नाही. वखराची पाळी कशी घालतात? आधी उभी, मग आडवी, आणि प्रत्येक तास आधीच्या अर्ध्या तासावर चढवून. तसंच. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. चार पाळ्या झाल्या की पुसा, टॉर्च मारून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला तुकडा हा नमुन्याचा. मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश आधी वापरायचं. त्यानं साठ-सत्तर टक्के जाळं गेलं तर तिथंच थांबायचं. नाही गेलं तरच जरा कडक. कंपाऊंडमध्ये बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साईडचे कण असतात, आणि चांगल्या प्रतीच्या काही कंपाऊंडमध्ये ते घासता घासता आणखी बारीक होत जातात. आपल्या आया चुलीतली राख चाळून मग पितळेला लावायच्या, तोच न्याय. भरड राखेनं भांडं निघतं, पण ओरखडतं. कडक कंपाऊंडनंतर पृष्ठभागावर धुकट छटा राहते, ती काढायला मऊ पॅडची दुसरी फेरी लागते. ही दुसरी फेरी म्हणजे दोन दिवसांतला दुसरा दिवस. तासाभरात करून देणारा ती गाळतो.

मग त्याची गाडी चमकते कशी? त्यावर तेलकट, मेणचट पॉलिश फासलेलं असतं. ते खरंच ओरखड्यात जाऊन बसतं. म्हणजे सारवण. तीन धुण्यांत वाहून जातं आणि जाळं परत. ओळखायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी घालून त्या जागेवर फवारा आणि पुसा. सारवण असेल तर तिथल्या तिथं ओरखडे वर येतील. आणि गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली घेऊ नका. उन्हात आणा, बॉनेटवरून तिरकं बघा. रोटरी घाईनं फिरवलेलं असेल तर उन्हात सापासारखे लांब पट्टे सरकताना दिसतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती. आपल्याच बॅचमधल्या एकाचं रस्त्यावर वॉशिंग सेंटर आहे. नाव घेत नाही, पण त्याला विचारून सांगतेय, आणि तो मागच्या रांगेत हसतोय म्हणजे तुम्ही ओळखलंच. मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडं दोन दिवस उभी होते. चार पोरं कामाला, सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा. एका पोरानं मशीन हातात घेतलं आणि मी बघत राहिले. हात इतका स्थिर, की मला सहा वर्षांत तसा जमला नाही. पण त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की वरचा थर किती आहे. आधीच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या दाराची कड त्याच्याकडून उडाली होती. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत, वर नुकसान मागितलं. ते पोराच्या पगारातून कापायचं की मालकानं सोसायचं, यावर दोघांत आठ दिवस अबोला होता.

ती गाडी मी मोजली. माझ्याकडं रंगाची जाडी मोजायचं गेज आहे, काडेपेटीएवढं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकत्वावर चालतं. पत्रा जितका दूर तितकं आकर्षण कमी, त्यावरून जाडी. प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि चारही थरांची मिळून जाडी दाखवतं, वरच्या थराची वेगळी नाही. त्या दारावर मधोमध आकडा होता ७१. त्याच गाडीच्या डिकीच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी कधी घासलं नव्हतं, तिथं ९२. दोन जागांचा रंग मुळातही अगदी सारखा नसतो, तरी एवढं अंतर बोलकं आहे. मालकाला फोन लावला. शांतपणे म्हणाला, "दरवर्षी दसऱ्याला रबिंग करतो की ओ. सात वर्षं झाली." म्हणजे सात वर्षांत सगळ्यांनी मिळून खाल्लं आणि बिल त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावावर फाटलं.

आपला मित्र मला म्हणाला, "तू म्हणतेस तसं दोन दिवस लावून केलं तर भाव पाचपट होईल. लोह्यात कोण देईल? माणसाला गाडी लग्नाच्या आदल्या दिवशी पाहिजे असते आणि चमकली पाहिजे असते." तो खरं बोलत होता. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं, कारण उत्तर त्याच्याकडं नाहीच, ते गिऱ्हाइकाकडं आहे. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. तुम्ही 'नवी करून दे' म्हटलं की तो कडक पॅड काढणार. तुम्ही 'आधी मोजून दाखव' म्हटलं तर तो गेज घेईल. त्यानं ते घेतलंय आता. पोरांना मास्क आणि गॉगल घ्यायला लावलाय. बंद शेडमध्ये दिवसभर ती पावडर उडते, आणि डोळे-फुप्फुसं काही कुणी परत रंगवून देत नाही.

मोजायचं नुसतं दार नाही. जुनी गाडी घेताना प्रत्येक भाग मोजा. एका दारावर १००, शेजारच्यावर २५० दाखवलं तर तो पुन्हा रंगवलेला आहे. पाचशे-हजारच्या घरात गेलं तर आत पुट्टी आहे, म्हणजे कधीतरी ठोकर बसली होती. विकणारा कितीही शपथा घेऊ दे.

बाबांची गाडी मी याच दिवाळीत केली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून स्वतः शेतात गाडी घेऊन जातात. डाव्या बाजूला बाभळीच्या सतरा रेघा होत्या. मोजलं, नख फिरवलं. चौदा मऊ पॅडनं गेल्या. तीन खोल होत्या. कडक कंपाऊंड लावलं असतं तर त्याही निम्म्या झाल्या असत्या, पण दाराचा आकडा ८८ होता. मी मशीन खाली ठेवलं आणि बाबांना सांगितलं की या तीन राहतील. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे की. परवा पुन्हा त्याच रस्त्यानं जायचंय, कामून जीव घालवायलीस?"

गावाकडच्या वापरातल्या गाडीवर दर ओरखड्याच्या मागं लागू नये, असं माझंही मत झालंय. पाच वर्षांतून एकदा नीट, मोजून, दोन दिवस लावून. मधल्या काळात कोरडं फडकं बंद, बोअरचं पाणी लगेच टिपणं, आणि धुतल्यावर मेणाचा हात. हे मेण सारवण आहे हे मान्य, पण ते झाकायला नाही, ऊन-धूळ अडवायला, आणि त्यानं थर खर्च होत नाही. सिरॅमिक कोटिंगचं विचाराल म्हणून आत्ताच सांगते. पाणी टिकू देत नाही, धुणं सोपं होतं, एवढं खरं. काट्यानं ओरखडा पडणारच नाही असं कुणी सांगितलं, तर त्याला बाभळीच्या रस्त्यानं आपल्या शेतात घेऊन चला.

वीस मिनिटं होऊन गेली, संयोजक घड्याळ दाखवतायत. गेज माझ्या पर्समध्ये आहे. जेवणानंतर मी मैदानातल्या निंबाखाली उभी राहते, ज्यांना आपल्या गाडीचा आकडा बघायचाय त्यांनी या. रांग लावायची, आणि पहिली गाडी सरांची. ती पांढरी, डाव्या आरशाखाली ओरखडा असलेली. सर, तो शाळेच्या गेटचाच आहे ना?